समुद्र नसलेल्या जिल्ह्यातील मासळी

मुंबई-पुण्याकडून मित्रमंडळींचा एखादा जथा परळीचा वैद्यनाथ, अंबाजोगाईची योगेश्वरी किंवा सौताड्याचा धबधबा पाहण्याच्या निमित्ताने बीड जिल्ह्यात उतरतो आणि दुपारी महामार्गावरील एखाद्या हॉटेलात बैठक जमते. मेनूकार्ड हातोहात फिरते. शेव भाजी, काजू करी, चिकन हंडी यांच्या खाली 'सुरमई फ्राय', 'पापलेट तंदुरी', 'कोळंबी मसाला' अशी नावे दिसतात आणि मंडळींचे डोळे विस्फारतात. बीडमध्ये पापलेट? मागवून तर पाहू, असा ठराव एकमताने होतो. पुढ्यात जे येते त्याने बहुधा निराशा होते आणि 'या भागात मासे खाऊ नयेत' असा निष्कर्ष काढून मंडळी परततात.

निष्कर्ष चुकीचा असतो. चुकलेली असते ती मागणी. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यापासून बीड रस्त्याने सुमारे ४०० किलोमीटर अंतरावर आहे. एवढा प्रवास बर्फात करून, मग हॉटेलच्या शीतपेटीत दिवस काढून आलेला पापलेट कोकणातल्या पापलेटाच्या पंगतीला बसणार नाही. त्यातच पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. पर्यटक पावसाळी धबधब्यांसाठी बीडकडे येतात ते नेमके याच दिवसांत. त्यामुळे त्या काळात कार्डावरचा समुद्री मासा केव्हाचा, हा प्रश्न विचारायलाच हवा. माजलगावच्या जलाशयातून पहाटे काढलेला रोहू मात्र याच हॉटेलापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर विकला जात असतो, आणि कित्येकदा तो कार्डावर नसतोही.

बालाघाटाच्या दोन उतारांचे पाणी

बीड हा दुष्काळी जिल्हा, ही ओळख खरी असली तरी अपुरी आहे. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून, गेवराई, माजलगाव आणि परळी तालुक्यांना स्पर्श करीत गोदावरी वाहते. पाटोदा तालुक्यातील बालाघाटाच्या डोंगरात सिंदफणा आणि मांजरा या दोन्ही नद्यांचे उगम आहेत. सिंदफणा उत्तरेच्या उतारावरून निघून माजलगाव तालुक्यात मंजरथ येथे गोदावरीला मिळते. मांजरा जिल्ह्याच्या दक्षिण कडेने पूर्वेकडे जाते. सिंदफणेवर माजलगावचे धरण आणि मांजरेवर केज तालुक्यात धनेगावचे धरण, ही जिल्ह्यातील दोन मोठी मत्स्यक्षेत्रे. शिवाय बीड शहराजवळ पालीच्या बिंदुसरा तलावासारखे मध्यम आणि लहान प्रकल्प आहेतच.

या जलाशयांतील मासेमारी मत्स्यव्यवसाय विभागाकडून सहकारी संस्थांना ठेक्याने दिली जाते. संस्थेने जलाशयात मत्स्यबीज किंवा बोटुकली सोडायची, ती वाढू द्यायची आणि सभासदांनी ती जाळ्यात धरायची, असा हा व्यवहार. मराठवाड्यात हे काम पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने भोई समाजाच्या हाती राहिले आहे. संध्याकाळी थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी लावायची, पहाटे ती ओढायची आणि उन्हे वर येण्याआधी माल काठावर आणायचा, हा त्यांचा दिनक्रम. कोकणातल्या बंदरासारखे लिलावाचे मोठे आवार येथे नाही. काठावर वजनकाटा, दोन-चार व्यापाऱ्यांच्या गाड्या, एवढ्यावर तासाभरात सगळे आटोपते.

या व्यवसायाचे भांडवल मात्र आकाशात असते. बोटुकली सोडल्यापासून रोहू-कटला किलोभर वजनाचा होण्यास साधारण वर्ष लागते. म्हणजे आज ताटात आलेला मासा हा गेल्या वर्षीच्या पाण्याचा हिशेब असतो. सन २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी द्यावे लागले. पिण्याच्या पाण्याची ती बातमी देशभर गेली. मांजराकाठच्या मासेमारांची बातमी तितकी दूर गेली नाही. पाणी आटू लागले की मासे उथळ डबक्यात कोंडले जातात. काही दिवस बाजारात मासळीची रेलचेल होते, भाव कोसळतात, लहान-मोठे सारे उपसले जाते. त्यानंतर पुन्हा पाणी येऊन, पुन्हा बोटुकली सोडून, ती वाढेपर्यंत जाळी कोरडीच राहतात. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर जोरदार पावसाने मांजरा भरले. पण धरण आठवड्यात भरते, मासा आठवड्यात भरत नाही. मधल्या महिन्यांत जिल्ह्यातील हजारो कुटुंबांप्रमाणे जलाशयाकाठच्या माणसांपुढेही ऊसतोडीचा किंवा मजुरीचा मार्ग उरतो.

अतिवृष्टीही लाभाचीच असते असे नाही. सांडव्यावरून पाणी वाहू लागले की त्याबरोबर सोडलेले मत्स्यबीजही खाली निघून जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्याला महापुराने झोडपले तेव्हा सिंदफणा आणि गोदावरीकाठच्या शेतांचे झालेले नुकसान सर्वांनी पाहिले. जाळी, तराफे आणि मासे वाहून जाणे हे नुकसान पंचनाम्याच्या कागदावर सहजी उमटत नाही. माजलगावच्या जलाशयाचे आणखी एक वैशिष्ट्य असे की त्यात जायकवाडीच्या उजव्या कालव्याचेही पाणी येते. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीत किती पाणी सोडायचे, यावर दर तुटीच्या वर्षी वाद रंगतो. त्या वादाचा एक धागा माजलगावच्या माशापर्यंत पोहोचतो.

कोणता मासा मागवावा

जलाशयात सर्वाधिक मिळतात ते रोहू, कटला आणि मृगळ. कटल्याचे डोके मोठे आणि मांस जाड. रोहू चवीला अधिक नेमस्त. या तिन्ही माशांत मांसात विखुरलेले दुहेरी टोकांचे बारीक काटे असतात, आणि समुद्री माशाच्या सवयीने घाईघाईत घास घेणाऱ्या पाहुण्याची पंचाईत होते ती येथे. बरोबर लहान मुले असतील किंवा काटे काढण्याचा कंटाळा असेल तर मरळ मागवावी. सापासारख्या डोक्याची, लांबट, गडद रंगाची ही मासळी; तिच्या मांसात असे विखुरलेले काटे नसतात. पाण्याबाहेरही ती बराच वेळ तग धरते, म्हणून बाजारात ती पुष्कळदा जिवंत मिळते. भाव रोह्यापेक्षा बराच अधिक, परंतु तो रास्त आहे, असे खाणाऱ्यांचे मत पडते. वाम आणि शिवडा हे नदीतले मासे नशिबाने मिळतात. मिळाले तर कार्ड बाजूला ठेवावे. चिलापी स्वस्त आणि मुबलक, तळण्यास बरी. छोट्या झिंग्यांचे सुके ज्वारीच्या भाकरीबरोबर खाण्याची पद्धत आहे.

दोन गोष्टी नीट विचारून घ्याव्यात. जिल्ह्याच्या बाजारात आंध्र प्रदेशातील तळ्यांमधून बर्फात आलेला रोहू-कटलाही असतो. तो वाईट असतो असे नव्हे, मात्र धरणाचा म्हणून धरणाच्या भावात तो खपविला जाऊ नये. 'धरणाचा की आंध्रचा?' एवढा प्रश्न पुरतो. विचारणाऱ्याला मासळीतले कळते, हे त्यातून समोरच्याला उमगते. दुसरी गोष्ट मांगूरची. देशी मांगूर हा वेगळा मासा. आफ्रिकी किंवा 'थाई' मांगूर या माशाच्या पालनावर भारतात २००० पासून बंदी आहे, आणि राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१९ च्या आदेशानंतर महाराष्ट्रातही त्याची तळी नष्ट करण्यात आली. कार्डावर नुसते 'मांगूर' लिहिलेले असेल तर दुसरे काही मागविणे शहाणपणाचे.

ताजेपणाची परीक्षा सर्वत्र सारखीच. डोळे टपोरे व चकचकीत, कल्ले लाल, बोट दाबून काढल्यावर मांस पुन्हा वर येते. ज्या खानावळीत मासा दाखवून, तोलून, मग कापला जातो तेथे शंकेला जागा राहत नाही. वजन साफ करण्यापूर्वीचे की नंतरचे, बनविण्याचे पैसे वेगळे की त्यातच, हे आधी ठरलेले बरे. सहा-सात जणांच्या मंडळींत बिलावर होणारे अर्धे वाद या एका प्रश्नाने मिटतात. उरलेले टीटीएमएमने!

काळा मसाला, चिंच आणि येसर

किनाऱ्यावरचा मासा ओल्या नारळात आणि कोकमात शिजतो. बीडमध्ये या दोन्ही वस्तू बाहेरून याव्या लागतात, त्यामुळे येथील पाककृती वेगळ्या वाटेने गेली. आंबटपणाला चिंच, दाटपणाला भाजलेले सुके खोबरे, तीळ आणि शेंगदाण्याचे कूट, आणि रंगाला काळा मसाला. गोड्या पाण्यातील माशाला चिखलाचा किंचित वास असतो. तो घालविण्यासाठी तुकड्यांना मीठ, हळद आणि लिंबू वा चिंचेचे पाणी चोळून काही वेळ ठेवतात. हा टप्पा घाईत गाळला गेला की पहिल्याच घासाला कळते. तळणीच्या माशाला कोकणातील रव्याऐवजी बेसनाचे आवरण देणारे अनेक आहेत. कोकणी जिभेला ते भज्यासारखे वाटेल. भज्यासारखेच खावे, गरम असताना.

रश्शाची खरी जोडी भाताशी नव्हे, भाकरीशी. ज्वारीची भाकरी चुरून त्यावर रस्सा ओतणे, सोबत कांदा, लिंबू आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, एवढ्यावर ताट पूर्ण होते. 'कमी तिखट' म्हणून सांगितले तरी जे येईल ते मुंबईच्या मापाने तिखटच असेल.

मंडळींत सगळेच मासे खाणारे असतील असे नाही. मराठवाड्याचा खास येसर, म्हणजे भाजलेली धान्ये, हरभऱ्याची डाळ आणि मसाले यांची दळलेली भुकटी घालून केलेली आमटी, लग्नाच्या पंगतीतून आता काही खानावळींतही आली आहे. पिठले, शेंगोळे, धपाटे हे पदार्थ कार्डावर नसले तरी सकाळी सांगून ठेवल्यास करून देणारी ठिकाणे आहेत. सामिष खाणाऱ्यांसाठी हंडीतले मटण किलोच्या हिशेबाने मिळते. दर्ग्याच्या कंदुरीतील मटणाची आठवण देणारा पातळ, झणझणीत रस्सा हा त्याचा प्राण. बीड आणि अंबाजोगाईसारखी गावे १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. तेथील जुन्या वस्त्यांतील दालचा-खाना आणि पहाटेची नहारी हा त्या दिवसांचा वारसा, आणि तो मासळीइतकाच सवड काढून चाखण्याजोगा आहे.

वेळ, वार आणि वाट

मांजरसुंबा हा जिल्ह्यातील खाद्यप्रवाशांचा नाका. धुळे-सोलापूर महामार्ग आणि जामखेड, पाटोद्याकडून केज, अंबाजोगाईला जाणारा रस्ता येथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे ढाब्यांची गर्दीही येथेच. धरणाचा मासा खायचा असेल तर मात्र माजलगाव किंवा केज-धनेगावच्या बाजूची वाट धरावी, आणि दुपारी दोनच्या आत पोहोचावे. सकाळचा माल संपला की उरते ती शीतपेटी.

वारही पाहावा लागतो. हा वारकऱ्यांचा आणि गडांचा मुलूख आहे. नारायणगड, गहिनीनाथगड यांना मानणाऱ्या गावांत माळकऱ्यांची घरे मोठ्या संख्येने आहेत. एकादशीला आणि श्रावणात सामिष खानावळींच्या चुली मंदावतात, काही बंदही राहतात. परळीत वैद्यनाथ मंदिराच्या परिसरात मांसाहार शोधू नये. मंडळीत एखादा माळकरी असल्यास 'शुद्ध शाकाहारी' पाटी असलेली आणि स्वतंत्र स्वयंपाकघर असलेली जागा निवडून बाकीच्यांनी एका जेवणापुरता मोह आवरावा. एकाच कढईत तळलेल्या भज्यांवर मैत्री ताणण्यात अर्थ नाही. पावसाळ्याच्या आरंभी कार्पजातीचे मासे अंड्यांवर येतात. गाभोळीची हौस असलेल्यांना ते दिवस आवडतात, पण त्या काळात अंड्यांचा मासा न मागितल्यास पुढच्या वर्षी जाळ्यात काही येण्याची शक्यता वाढते. जलाशय भरलेला आणि मासा वाढलेला, असा उत्तम काळ दिवाळीपासून होळीपर्यंतचा.

ढाब्यावर मद्यपान करणे हा महाराष्ट्रात गुन्हा असून त्यात चालकाबरोबर पिणाराही अडकतो. परवाना असलेल्या ठिकाणी बसायचे झाले तरी गाडी हाकणाऱ्याने ताकावर भागवावे. मांजरसुंब्याचा घाट रात्री सोपा नाही.

गाडीचा प्रश्नच नको असेल त्यांच्यासाठी १७ सप्टेंबर २०२५ पासून अहिल्यानगर ते बीड रेल्वे सुरू झाली आहे. बीडहून पुढे माजलगाव, केजकडे एसटी आणि वडाप मिळते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतणाऱ्यांनी बालाघाटातील सीताफळांची एक पाटी बरोबर घ्यावी. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. फळ कडक असतानाच घ्यावे आणि पाटी गाडीत सामानाच्या वर ठेवावी. तळाशी ठेवलेल्या पाटीचे घरी पोहोचेपर्यंत काय होते, ते ज्याने भोगले त्यालाच ठाऊक.