पायथॉनला यूएसबी डिव्हाइस सापडत नाही? या क्रमाने तपासा

दुकानातला बिल प्रिंटर पायथॉनच्या पायूएसबी लायब्ररीतून चालवायला घेतला आणि डिव्हाइस सापडतच नाही? कोड पुन्हा लिहायच्या आधी हे बघा.

१. केबल : काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. लिनक्सवर 'एलएसयूएसबी' कमांड द्या. यादीत डिव्हाइस नसेल तर दोष कोडचा नाही.

२. बॅकएंड : 'नो बॅकएंड अव्हेलेबल' आलं, तर लिबयूएसबी बसवलेली नाही किंवा पायूएसबीला ती सापडत नाही.

३. आयडी : 'फाइंड'कडून 'नन' आलं, तर व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी तपासा. यादीतले आकडे हेक्साडेसिमल असतात. कोडमध्ये त्यांच्याआधी '०एक्स' हवंच.

४. परवानगी : लिनक्सवर एरर १३ म्हणजे परवानगी नाही. दरवेळी सुडो लावण्यापेक्षा यूडेव्हचा नियम लिहा, रीलोड करा आणि केबल काढून परत लावा. एरर १६ आला तर डिव्हाइस बहुधा कर्नलच्या ड्रायव्हरने धरून ठेवलंय; आधी ते सोडवा.

५. विंडोज : इथे डिव्हाइस दिसतं, पण उघडत नाही. झॅडिगने विनयूएसबी ड्रायव्हर बसवावा लागतो. जरा सांभाळून! चुकून कीबोर्ड निवडलात तर तोच बंद पडेल. शिवाय प्रिंटरचा मूळ ड्रायव्हर गेला की नेहमीच्या सॉफ्टवेअरमधून बिल निघत नाही. म्हणून गिऱ्हाइकांच्या गर्दीत हा प्रयोग नको.