राज्य गेले, कसब उरले

तंजावरचे नाव मराठी माणसाच्या कानाला परके नाही. पण तेथून जवळच, कावेरीकाठी वसलेल्या कुंभकोणमची आठवण सहसा निघत नाही. दरबाराचा आधार तुटल्यावर गाव कशाच्या बळावर तगते, या प्रश्नाचे उत्तर मात्र तेथेच सापडते.

सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरास राज्य स्थापिले आणि कारकून, हिशेबनीस, शास्त्री अशी मराठी कुटुंबे कावेरीच्या खोऱ्यात स्थिरावली. १७९९ च्या तहाने मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्रावाचून वारले आणि उरलेले राज्यपदही संपले. मोडीत जमाखर्च लिहिणाऱ्यांना आता दरबार उरला नाही.

पण जमाबंदीचे ज्ञान आणि अनेक भाषांचा सराव ही काही दरबाराची मालमत्ता नव्हती. जाणत्या घराण्यांनी दरबार बुडण्याची वाटही पाहिली नाही. कुंभकोणमच्या देशस्थ घराण्यात १८२८ साली जन्मलेल्या टी. माधवरावांचे वडील व चुलते त्रावणकोरचे दिवाण होते. माधवराव मद्रासला इंग्रजी शिकले आणि पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झाले. त्यांच्याच कारकिर्दीत त्रावणकोरचे सरकारी कर्ज फिटले. १८५४ मध्ये कुंभकोणमातच निघालेली सरकारी शाळा पुढे कॉलेज झाली आणि ही वाट इतरांसही खुली झाली.

तथापि लेखणीचे कसब माणसाला गावाबाहेर नेते. हाताचे कसब गाव धरून राहते. जवळच्या स्वामिमलैचे स्थपती मेणाची मूर्ती घडवून तिच्यावर कावेरीच्या मऊ गाळाचा लेप देतात. साचा तापवला की मेण वितळून जाते आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. मूर्ती काढताना साचा फोडावाच लागतो. म्हणून प्रत्येक मूर्ती एकटीच. नाचियारकोविलच्या समया आणि सौराष्ट्री विणकरांचे रेशीम यांचीही ख्याती अशीच आहे. या कारागिरांचे गिऱ्हाईक केवळ राजा नव्हता. देवळे होती आणि लग्नघरेही होती. म्हणून सिंहासन गेले तरी भट्टी विझली नाही.

नुसते कौशल्य पुरेसे नसते. ज्याला एकच धनी, ते त्या धन्याबरोबर बुडते. जे नवी विद्या जोडते किंवा अनेक दारी मान्यता मिळवते, तेच पडत्या काळात गावाला हात देते. कुंभकोणमने हे दोन्ही मार्ग चोखाळले.