पैठण रस्त्यावरचे दंतवैद्यक : पदवीनंतरच्या शिक्षणाचा इतिहास

पदवी हाती आल्यावर आणि दवाखाना थाटल्यावर दंतवैद्याने आपले ज्ञान ताजे ठेवण्यासाठी जे पद्धतशीर शिक्षण घ्यावयाचे असते, त्याला निरंतर दंतवैद्यकीय शिक्षण म्हणतात आणि व्यवसायात ते ‘सीडीई’ या आद्याक्षरांनीच ओळखले जाते. या शिक्षणाचा इतिहास सामान्यतः परिषदा, नियमावल्या आणि महानगरांतील महाविद्यालये यांच्या अंगाने सांगितला जातो. परंतु पैठण तालुक्यातील बिडकीनसारख्या बाजारगावाकडून पाहिले, तर तो मुख्यतः अंतराचा इतिहास ठरतो. एखादे ज्ञान कोठे निर्माण झाले यापेक्षा ते छत्रपती संभाजीनगर–पैठण रस्त्यावरच्या गावापर्यंत किती वर्षांनी आणि कोणत्या वाटेने पोहोचले, हा प्रश्न येथे मोलाचा आहे. कारण दाढ ठणकू लागलेला माणूस जवळच्या वैद्याकडे जातो आणि त्या वैद्याला जेवढे ठाऊक असेल तेवढाच उपचार त्याच्या वाट्याला येतो.

दंतवैद्यक हा स्वतंत्र व्यवसाय होण्यापूर्वी ग्रामीण महाराष्ट्रात दातदुखीवर घरगुती आणि परंपरागत उपचार चालत. कडुनिंब, बाभूळ, करंज यांची दातवणे, किडलेल्या दाढेत लवंगेचे तेल किंवा हिंग, आणि कळ असह्य झाली की भुईरिंगणीच्या बियांची धुरी, असा त्यांचा सर्वसाधारण क्रम असे. धुरीची रीत पुढीलप्रमाणे होती : निखाऱ्यावर भुईरिंगणीचे बी टाकायचे, वर उठणारा धूर पोकळ नळीने दुखऱ्या दाढेपर्यंत न्यायचा आणि रुग्णाने तोंडात जमलेली लाळ पाण्याच्या भांड्यात सोडायची, त्या पाण्यावर तरंगणारे बियांचे पांढुरके कण म्हणजे दाढेतून निघालेले किडे, अशी पाहणाऱ्यांची खात्री पटत असे. युरोपातही खुरासानी ओव्याच्या बियांनी हीच धुरी दिली जात होती. दात किड्यामुळे पोखरला जातो ही समजूत सुश्रुतसंहितेतील ‘कृमिदंतक’ या रोगनामातही दिसते. फ्रेंच दंतवैद्य प्येर फोशार याने 1728 च्या आपल्या ग्रंथात ती नाकारली, आणि तोंडातील सूक्ष्मजंतू अन्नातील शर्करेपासून आम्ल तयार करतात व त्या आम्लाने दात विरघळतो, ही उपपत्ती बर्लिनमध्ये काम करणाऱ्या डब्ल्यू. डी. मिलर याने 1890 मध्ये मांडली. धुरी देणाऱ्याला यातले काहीच कळण्याचा मार्ग नव्हता, हे त्याच्यावर ठपका ठेवण्यापूर्वी ध्यानात घेतले पाहिजे. त्याची विद्या घरात एकदा शिकून आयुष्यभर वापरण्याची होती आणि तीत भर घालणारी कोणतीही व्यवस्था त्याच्या भोवती नव्हती.

भारतात ही व्यवस्था उभारण्याचा आरंभ कोलकात्यात झाला. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातून 1915 मध्ये पदवी घेतलेले डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी 1920 मध्ये तेथे देशातील पहिले दंत महाविद्यालय काढले आणि 1925 मध्ये दंतवैद्यकाचे नियतकालिक सुरू केले. महाविद्यालयाची आठवण सर्वांना असते. पण निरंतर शिक्षणाच्या दृष्टीने नियतकालिकाचे महत्त्व काकणभर अधिकच आहे, कारण टपालाने जाणारा छापील अंक हे दूरच्या व्यावसायिकाला शिकवीत राहण्याचे पहिले साधन होते.

पुढे 29 मार्च 1948 रोजी केंद्रीय दंतवैद्य कायदा अस्तित्वात आला, त्या वेळी मराठवाडा निजामाच्या राज्यात होता; हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले ते त्याच वर्षीच्या 17 सप्टेंबरला. व्यवसायाला कायद्याची चौकट लाभली त्या दिवशी बिडकीन त्या चौकटीबाहेर होते. या कायद्याने दंतवैद्यांच्या नोंदवहीचे दोन भाग केले : ‘अ’ भागात मान्यताप्राप्त पदवी असलेले, आणि ‘ब’ भागात पदवी नसूनही किमान पाच वर्षे याच व्यवसायावर उपजीविका केलेले. दुसरा भाग ही त्या काळाची गरज होती, कारण पदवीधरांची संख्या नगण्य होती आणि मुंबई–कोलकात्यात चीनमधून येऊन स्थिरावलेल्या दंतकारांपासून वडिलांच्या हाताखाली शिकलेल्यांपर्यंत अनेकांचे पोट या कामावर अवलंबून होते. कायद्यातील खरी उणीव दुसरीकडेच होती. नाव नोंदवहीत टिकवण्यासाठी नूतनीकरणाचे शुल्क भरण्याची तरतूद त्यात होती. ज्ञान ताजे असल्याचा पुरावा मात्र कोणाकडूनही मागितला गेला नव्हता. 12 एप्रिल 1949 रोजी भारतीय दंत परिषद स्थापन झाली आणि तिचे लक्ष स्वाभाविकपणे महाविद्यालयांच्या मान्यतेवर केंद्रित राहिले.

नेमक्या याच दशकांत या विद्येचे स्वरूप मुळापासून पालटत होते. मायकेल ब्युनोकोर याने 1955 मध्ये दाताच्या आवरणावर आम्ल लावून भरणद्रव्य चिकटवण्याची युक्ती दाखवली. 1957 मध्ये हवेच्या दाबावर अतिवेगाने फिरणारे यंत्र आले. 1962 मध्ये दाताच्या रंगाच्या आधुनिक भरणद्रव्याचा पाया घालणारे राळेसारखे रसायन आले. 1965 मध्ये स्वीडनमध्ये पर-इंगवार ब्रॉनेमार्क याने जबड्याच्या हाडात टायटॅनियमचे रोपण करून त्यावर कृत्रिम दात बसवले. 1950 साली शिकून बाहेर पडलेल्या दंतवैद्याला यांपैकी काहीही महाविद्यालयात शिकवलेले असणे शक्य नव्हते. परदेशी शोधांपेक्षाही बोलके उदाहरण घरचे आहे. टाळू आणि गालाचे आतील आवरण ताठर, पांढुरके होऊन तोंड उघडेनासे होण्याच्या विकाराचे वर्णन मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी 1953 मध्ये केले, आणि तो आज ‘ओरल सबम्युकस फायब्रोसिस’ या नावाने ओळखला जातो. सुपारी आणि गुटखा यांच्याशी जोडलेला हा विकार कर्करोगाकडे झुकू शकतो. महाराष्ट्र शासनाने 2012 च्या जुलैमध्ये गुटख्यावर बंदी घातली. तरी तंबाखू, सुपारी आणि मिश्री यांचे व्यसन ज्या भागात खोलवर रुजलेले आहे तेथे रुग्णाच्या तोंडात तीन बोटे मावतात की नाही हे पाहण्याची साधी सवय किती जीव वाचवू शकते, हे सांगावयास नको. ही सवय पुस्तकात आल्याने लागत नाही. ती कोणीतरी व्यावसायिकापर्यंत नेऊन पोहोचवावी लागते.

पोहोचवणारी संस्था मराठवाड्यात फार उशिरा आली. 1956 मध्ये औरंगाबादला (आजच्या छत्रपती संभाजीनगरात) शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि त्याचे ‘घाटी’ रुग्णालय साऱ्या विभागाचा आधार झाले. शासकीय दंत महाविद्यालयासाठी मात्र 1982 उजाडावे लागले. तोपर्यंत शासकीय दंतशिक्षणासाठी मुंबई किंवा, 1968 नंतर, नागपूर गाठणे भाग होते. पुढे शहरातून बिडकीनकडे येणाऱ्या रस्त्यावरच, कांचनवाडीत, छत्रपती शाहू महाराज शिक्षण संस्थेचे दंत महाविद्यालय उभे राहिले आणि 1998 मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन होऊन राज्यातील दंत महाविद्यालये एका छत्राखाली आली. याच कांचनवाडीत 1980 पासून ‘वाल्मी’ ही जल व भूमी व्यवस्थापन संस्था नोकरीत असलेल्या पाटबंधारे अभियंत्यांना प्रशिक्षण देत आलेली आहे. कालव्याचे पाणी हाताळणाऱ्या अभियंत्याने वेळोवेळी पुन्हा वर्गात बसले पाहिजे, हे तत्त्व या परिसरात शासनाने तेव्हाच मान्य केले होते, याची नोंद येथे मुद्दाम घ्यावीशी वाटते.

खेड्यातील दंतवैद्याला मात्र शिकण्यासाठी दवाखान्याला कुलूप लावावे लागे. परिषद मुंबई–पुण्याच्या हॉटेलात भरे. दोन दिवसांचे शुल्क, प्रवास, मुक्काम आणि बुडालेली कमाई यांची बेरीज करून तो बहुधा घरीच राही. अशा वेळी नव्या वस्तूंची ओळख त्याला दंतसाहित्य विकणाऱ्या डीलरकडून किंवा कंपनीच्या प्रतिनिधीकडून होई. या मंडळींनी बरेच काही शिकवले हे मान्य करूनही, विक्रेताच शिक्षक झाला की विकाऊ वस्तूचे गुण आधी समजतात आणि तिच्या मर्यादा रुग्णावर प्रयोग झाल्यानंतर समजतात, हा या पद्धतीचा दोष झाकता येत नाही.

सक्तीच्या निरंतर शिक्षणाची कल्पना अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने 1969 मध्ये परवान्याशी जोडली आणि ब्रिटनमध्ये ती 2002 पासून लागू झाली. भारतीय दंत परिषदेने आपली नियमावली 2007 मध्ये आणली. व्याख्याने, कार्यशाळा आणि परिषदा यांना गुण, म्हणजे व्यवसायात रूढ असलेले ‘क्रेडिट पॉइंट’, देण्याची पद्धत त्यातून सुरू झाली. शुल्कापलीकडे ज्ञानाची अट प्रथमच व्यवसायाला चिकटली, हे तिचे श्रेय आहे. मात्र गुण हजेरीला मिळत आणि सकाळी सही करून दुपारी प्रमाणपत्र घेणाऱ्यालाही ते तेवढेच मिळत. शिकलेली गोष्ट रुग्णाच्या तोंडात उतरली का, हे तपासण्याची सोय त्या पद्धतीत नव्हती.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 रोजी खुले झाले, तरी खेड्यातल्या दवाखान्यात चलच्चित्रासह व्याख्यान पाहता येईल अशी जोडणी मोबाइल डेटा 2016 नंतर स्वस्त झाल्यावरच आली. साधन आले, पण सवय लागली ती महामारीत. मार्च 2020 च्या टाळेबंदीत दंतवैद्यांचे दवाखाने ठप्प झाले, कारण अतिवेगाने फिरणाऱ्या यंत्रातून लाळमिश्रित पाण्याचे सूक्ष्म तुषार हवेत उडतात आणि त्यांतून विषाणू पसरण्याचा धोका मोठा होता. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मे 2020 मध्ये दंतवैद्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रतिबंधित क्षेत्रातील दवाखाने बंद ठेवून दूरध्वनीवर लक्षणांची विचारपूस करण्यास त्यांत सांगितले होते. या सूचनांचा अर्थ, संरक्षक पोशाख अंगावर चढवण्याचा व उतरवण्याचा क्रम, निर्जंतुकीकरणाच्या वेळा, हे सारे वेबिनारमधून, म्हणजे पडद्यावरील थेट व्याख्यानांतून, शिकवले गेले. मुंबईतील प्राध्यापक आणि तालुक्यातील दंतवैद्य एकाच संध्याकाळी एकाच वर्गात बसले, आणि त्यासाठी कोणालाही एसटीचे तिकीट काढावे लागले नाही.

या शिक्षणाची खरी कसोटी 2021 च्या उन्हाळ्यात लागली. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस, लोकांच्या तोंडी ‘काळी बुरशी’, झपाट्याने वाढला. मराठवाड्यालाही त्याची झळ बसली आणि मे महिन्यात केंद्राने राज्यांना हा आजार नोंदणीसक्तीचा करण्यास सांगितले. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते, त्यामुळे हाड आणि मांस मृत होते. नाकालगतच्या पोकळ्यांतून ती वरच्या जबड्यात उतरत असल्याने कित्येक रुग्णांची पहिली तक्रार दातांची असे. कोविडमधून नुकताच उठलेला, स्टेरॉइड घेतलेला, साखर वाढलेला रुग्ण ‘वरच्या दाढा हलतात’ म्हणून येई. न शिकलेला डोळा त्याला हिरड्यांचा जुनाट रोग समजून दाढ काढून मोकळा झाला असता. वेबिनारमध्ये मात्र पुन्हा पुन्हा सांगितले जात होते की वरचा ओठ उचलून पाहा, एक दात बोटाने हलवला की शेजारचे तीन-चार दात हाडासकट एकत्र हलतात का ते पाहा, टाळूचा रंग फिकट किंवा काळपट झाला आहे का पाहा, गाल बधिर आहे का विचारा, आणि शंका आली तर दाताला हात न लावता रुग्णाला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात धाडा. हा रोग दिवसांच्या नव्हे, तासांच्या हिशेबाने पसरतो. महाविद्यालयात एखाद्या परिच्छेदापुरता वाचलेला दुर्मीळ आजार काही आठवड्यांत तालुक्याच्या खुर्चीवर ओळखता येऊ लागावा, असे या देशाच्या दंतवैद्यकाच्या इतिहासात पूर्वी क्वचितच घडले असेल, आणि ऑनलाइन शिक्षणाच्या बाजूने देण्यासारखा याहून भक्कम दाखला नाही.

तरीही या माध्यमाची मर्यादा स्पष्टपणे मांडली पाहिजे. दंतवैद्यक हे डोळ्यांइतकेच हाताचे शास्त्र आहे. ब्रिटनच्या विल्सन आणि केंट यांनी 1972 मध्ये प्रसिद्ध केलेले ग्लास आयनोमर हे भरणद्रव्य दाताला स्वतःहून चिकटते आणि त्यातून फ्लोराइड झिरपते. ऐंशीच्या दशकात टांझानियात विजेच्या यंत्राशिवाय, केवळ हाताच्या हत्यारांनी किडलेला भाग खरवडून दात भरण्याची जी पद्धत विकसित झाली, तिला हे द्रव्य सोयीचे ठरले. भारनियमन सोसलेल्या गावांना ती अगदी सोयीची आहे. पण पावडर आणि द्रव यांचे मिश्रण चमक जाण्यापूर्वी दातात भरावे लागते. ती चमक नेमकी केव्हा जाते आणि मऊ, किडलेल्या भागाखाली टणक दात लागल्याचे बोटांना कसे कळते, हे पडद्यावर दाखवता येते, शिकवता येत नाही. शिवाय व्याख्याने प्रायः इंग्रजीत असतात आणि ती दंतवैद्यापुरती असतात. कवळी आणि कॅप घडवणारा दंत तंत्रज्ञ, तसेच दातांची स्वच्छता करणारा दंत आरोग्यक, यांना 1948 च्या कायद्यानेच स्वतंत्र नोंदवह्या दिल्या होत्या. पण निरंतर शिक्षणाच्या साऱ्या व्यवहारात ते उपेक्षितच राहिले, आणि दवाखान्यात हत्यारे धुऊन ऑटोक्लेव्हमध्ये ठेवणाऱ्या साहाय्यकाचा तर विचारही झाला नाही. संसर्ग रोखण्याचे निम्मे काम याच हातांत असते.

2023 च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत होऊन 1948 च्या कायद्याची जागा नव्या व्यवस्थेने घेण्याचा मार्ग मोकळा झाला. शिक्षण, मूल्यांकन आणि नीती व नोंदणी यांसाठी त्यात वेगवेगळी मंडळे आहेत. दुसरीकडे 7,855 एकरांची बिडकीन औद्योगिक वसाहत सप्टेंबर 2024 मध्ये राष्ट्रार्पण झाली असून येत्या काळात कामगारांची मोठी वस्ती येथे येणार आहे. तंबाखूचे व्यसन, अपघातात मोडलेले जबडे आणि उपचाराविना राहिलेले दात तिच्याबरोबर येतील. म्हणून नोंदणीचे नियम नव्याने लिहिले जात असताना पडद्यावरच्या तासांना मान्यता देतानाच हाताच्या प्रशिक्षणाचे तास सक्तीचे करावेत, ते जिल्ह्यातील दंत महाविद्यालयांनी तालुक्याच्या गावी मराठीतून घ्यावेत, आणि तंत्रज्ञ, आरोग्यक व साहाय्यक यांना त्यांत दंतवैद्याच्या बरोबरीने बसवावे. कांचनवाडीचे महाविद्यालय आणि बिडकीन एकाच रस्त्यावर आहेत. हे प्रशिक्षण तेथून सुरू करण्यास कोणत्याही नव्या इमारतीची गरज नाही.