एका अक्षराची दोन अक्षरे

दगड जमवणारा माणूस म्हटला की लोकांना हसू येते. पण अशाच एका दगडाने विज्ञानाला केवढे दिले, ते पाहण्यासारखे आहे.

आइसलँडच्या पूर्व किनाऱ्यावर हेल्गुस्ताधिर नावाची जुनी खाण आहे. तिथल्या बेसॉल्टच्या पोकळीत कॅल्साइटचे काचेसारखे स्वच्छ स्फटिक सापडत. रसायन म्हणून पाहिले तर कॅल्साइट म्हणजे आपली चुनखडीच. पण हा तुकडा पुस्तकावर ठेवला की खालच्या एका अक्षराची दोन अक्षरे दिसतात! आइसलँडवर तेव्हा डेन्मार्कचे राज्य होते. कोपनहेगनच्या रास्मुस बार्थोलिन यांनी १६६९ साली या चमत्काराचे वर्णन छापले.

पुढे १८०८ साली पॅरिसमध्ये मालुस यांनी लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित होणारे मावळतीचे ऊन अशाच स्फटिकातून पाहिले. स्फटिक फिरवला की दोन प्रतिमांपैकी कधी एक फिकी होई, कधी दुसरी. प्रकाशाच्या ध्रुवीकरणाचा अभ्यास इथून पुढे सरकला. १८२८ मध्ये एडिंबरोच्या विल्यम निकोल यांनी कॅल्साइटचे दोन तुकडे चिकटवून लोलक केला. तो ध्रुवणमापकात बसला आणि द्रावणात साखर किती ते मोजता येऊ लागले. सूक्ष्मदर्शकात बसला आणि खडकाच्या पातळ चकतीतली खनिजे ओळखता येऊ लागली.

मागणी वाढली, तशी खाण उपसली गेली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काम थांबले. १९७५ पासून ती जागा संरक्षित आहे, तिथून खडाही उचलायचा नाही. तिथला एक भला मोठा स्फटिक मात्र लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात आहे.

आपला सह्याद्रीही बेसॉल्टचाच. पुण्या-नाशिककडच्या दगडखाणींत कॅल्साइट, स्टिल्बाइट, अपोफिलाइट निघतात. वाघोलीचे निळे कॅव्हॅन्साइट तर जगभरच्या संग्रहांत मानाने बसले आहे. पण सुरुंग लावलेला असतो तो खडीसाठी. कामगाराची नजर वेळीच गेली तर स्फटिक वाचतो, नाहीतर थेट क्रशरमध्ये.

म्हणून नातवंडांनी डबीत खडे जमवले तर फेकून देऊ नका. फक्त सोबत चिठ्ठी ठेवायला सांगा: गाव कोणते, खाण की विहीर, तारीख काय. खाण बुजली, डोंगर फुटला, तरी त्या चिठ्ठीवरून पुढच्या अभ्यासकाला कळेल की तिथे काय होते.