पर्जन्याच्या भाकितापासून तापमानाच्या भाकितापर्यंत

१८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात दख्खनची रयत अन्नान्न होऊन देशोधडीला लागली, तेव्हा नुकत्याच स्थापन झालेल्या हवामान खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांच्याकडे सरकारने पावसाचे भाकीत मागितले. आणि हिमालयावर हिम अधिक तर पुढील पर्जन्य उणे, हा संबंध पारखून त्यांनी १८८६ साली पहिला नियमित अंदाज प्रसिद्ध केला. १९२८ मध्ये खात्याची कचेरी सिमल्याहून पुण्यास आली. १९६२ साली उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्थाही तेथेच निघाली.

ब्लॅनफर्ड गतवर्षांच्या नोंदींवरून पुढचे वर्ष ताडीत; आजची संगणकीय प्रारूपे वातावरण व सागर यांचे चौकोनी कप्पे पाडून उष्णता, वारा व बाष्प यांच्या नियमांनी प्रत्येक कप्प्याची स्थिती टप्प्याटप्प्याने पुढे नेतात. येथेच सह्याद्रीची अडचण उभी राहते. शंभर किलोमीटरांच्या कप्प्यात घाटमाथा जवळजवळ सपाट होऊन जातो. वस्तुतः महाबळेश्वरी वर्षाकाठी ५००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि पसरणीचा घाट उतरून वाईस यावे तो त्याचा अल्पसा अंशच पदरी पडतो. म्हणून सूक्ष्म कप्प्यांची प्रादेशिक प्रारूपे रचावी लागली. आणि हे कष्ट मला फार मोलाचे वाटतात, कारण कुणब्याचे शेत जगाच्या सरासरीत नसून एका विशिष्ट खोऱ्यात असते.

पुण्याच्या त्याच संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२० साली संपादिलेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सियसने वाढले; आणि उत्सर्जन अनिर्बंध राहिले, तर १९७६ ते २००५ च्या मानाने शतकाअखेर ही वाढ सुमारे ४.४ अंशांवर जाईल, व उन्हाळी उष्णतेच्या लाटा तिप्पट-चौपट वेळा येतील.