सेमाडोह : डोहाकाठचे रान आणि गाविलगड

अमरावतीहून परतवाडामार्गे धारणीकडे जाताना सातपुड्याच्या कुशीत, सिपना नदीकाठी सेमाडोह लागते. देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक असलेल्या मेळघाटातील हे पर्यटकांचे मुक्कामाचे ठिकाण.

डोह म्हणजे नदीपात्रातील खोल पाणी. उन्हाळ्यात सागाची पाने गळून रान मोकळे होते, ओढे आटतात आणि वन्यप्राणी उरलेल्या डोहांकडे वळतात. प्राणी पाहण्यास हाच काळ उत्तम.

येथून जंगलरस्त्याने १,११८ मीटर उंचीवरील चिखलदरा गाठता येते. लगतचा गाविलगड बहामनी सुलतान अहमदशहाने १४२५ साली बांधला. त्याच्या दिल्ली दरवाजावरील गंडभेरुंडाचे शिल्प आवर्जून पाहावे. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी नागपूरकर भोसल्यांकडून हा गड जिंकला. दोनच दिवसांनी देवगावचा तह होऊन वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड मुलूख भोसल्यांच्या हातून गेला.

पावसाळ्यात चिखलदऱ्याचे धबधबे भरात असतात; मात्र तेव्हा गाभा क्षेत्रातील सफारी बंद असते. दोन्ही एकाच सहलीत साधायचे तर हिवाळा सोयीचा. गडही प्रकल्पाच्या वनातच असल्याने सूर्यास्तापूर्वी खाली उतरावे.