संरक्षणमंत्र्याची खुर्ची आणि आपला चांदा



भद्रावतीची आयुध निर्माणी आपल्या जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. कुणाचा भाऊ, कुणाचा दीर तिथं कामाला असतो. तिकडं गडचिरोलीत, एटापल्ली-भामरागडच्या रस्त्यावर, बंदूक घेतलेले जवान बाजाराच्या दिवशीही दिसतात. आम्ही गटांच्या बैठका घेत फिरतो तेव्हा बाया विचारतात, ताई, या सगळ्यांचा वरचा साहेब कोण? म्हणून आज आम्ही संरक्षणमंत्री या पदाचा इतिहास सांगणार आहोत. हे पद दिल्लीत असलं तरी त्याच्या गोष्टीत आपला चांदा जिल्हा मधोमध येतो.

आधी आपल्या गटाचंच बघू. पेटीची किल्ली एकीकडे, वही दुसरीकडे आणि हिशेब विचारायचा हक्क सगळ्यांचा. किल्ली, वही आणि हिशेब एकाच बाईच्या हाती गेलं की गट मोडतो. सैन्याचंही तसंच आहे. बंदूक ज्याच्या हाती, त्याच्यावर बंदूक नसलेला, लोकांनी निवडलेला माणूस असावा आणि त्याला लोकांनी जाब विचारावा. संरक्षणमंत्र्याचं पद त्यासाठी आहे.

इंग्रजांच्या राज्यात असा माणूसच नव्हता. व्हाइसरॉयच्या मंडळात सैन्याचा कारभार बघणारा एक सदस्य असे, पण तोही लष्करी अधिकारीच. सरसेनापती वेगळा असे. पुढं लॉर्ड किचनेर सरसेनापती झाले आणि त्यांनी दुसरा माणूस नकोच, सगळं आपल्याकडे द्या, असा आग्रह धरला. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांना ते पटलं नाही. बंगालची फाळणी करणारे तेच हे कर्झन. लंडनच्या सरकारनं किचनेर यांची बाजू घेतली आणि १९०५ मध्ये कर्झन यांनी राजीनामा दिला. मग सैन्याची किल्ली आणि वही एकाच हाती गेली.

खर्च मात्र आपल्या लोकांच्या करातून व्हायचा. आपले गोपाळ कृष्ण गोखले कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलायला उभे राहिले की सैन्यावर होणाऱ्या भरमसाट खर्चावर टीका करत, तो पैसा शिक्षणाला द्या म्हणत. पण त्या वेळी सदस्यांना अंदाजपत्रकावर बोलता येई, मत देता येत नसे. गोखल्यांना बोलायची मुभा होती, पण त्यांना उत्तर देणं कुणाला बंधनकारक नव्हतं.

हे बदललं २ सप्टेंबर १९४६ ला. त्या दिवशी हंगामी सरकार आलं आणि सरदार बलदेव सिंग यांच्याकडे संरक्षण खातं आलं. स्वातंत्र्यानंतर तेच देशाचे पहिले संरक्षणमंत्री झाले. राज्यघटनेनं सैन्याचं सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे दिलं आणि कारभाराची जबाबदारी मंत्रिमंडळावर टाकली. १९५५ मध्ये सरसेनापती हे पदही गेलं. भूदल, नौदल, वायुदल यांचे तीन प्रमुख झाले, आणि तिघांच्या वर निवडून आलेला मंत्री.

आता १९६२ सालाकडे येऊ. त्या वेळी व्ही. के. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री होते. ते उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून गेलेले, म्हणजे महाराष्ट्राचेच खासदार. २० ऑक्टोबर १९६२ ला चीननं हल्ला केला. आपले जवान पुरेशा गरम कपड्यांशिवाय आणि जुन्या रायफली घेऊन हिमालयात उभे होते. संसदेत आणि देशात संताप उसळला. मेनन यांच्याकडून आधी संरक्षण खातं गेलं आणि नोव्हेंबरमध्ये त्यांना मंत्रिमंडळच सोडावं लागलं. लढले जवान, पण जाब द्यावा लागला मंत्र्याला.

पंडित नेहरूंनी मग महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना बोलावून घेतलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं लोक तेव्हा म्हणू लागले. आपल्याकडे एक गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. यशवंतराव दिल्लीला गेले, मुंबईची खुर्ची रिकामी झाली आणि त्या खुर्चीवर बसले मारोतराव कन्नमवार, आपल्या चांदा जिल्ह्यातल्या गरीब घरातून वर आलेले. २० नोव्हेंबर १९६२ ला ते महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री झाले. जेमतेम एक वर्षानं, २४ नोव्हेंबर १९६३ ला, पदावर असतानाच ते वारले. दिल्लीत संरक्षणमंत्री बदलला म्हणून चांद्याचा माणूस राज्याचा मुख्यमंत्री झाला, हे आपल्या मुलींना ठाऊक असायला हवं.

त्या हिवाळ्यात देशभरच्या बायांनी अंगावरचं सोनं राष्ट्रीय संरक्षण निधीला दिलं. पुढं जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचा हुकूम आला आणि चौदा कॅरटपेक्षा चोख सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. किती सोनारांचा धंदा त्यात बसला. युद्ध सीमेवर होतं, पण त्याची झळ आपल्या गळ्यातल्या पोतीपर्यंत आली होती.

यशवंतरावांनी पहिलं काम केलं ते चुका शोधायचं. पराभवाची चौकशी झाली आणि २ सप्टेंबर १९६३ ला त्यांनी लोकसभेत उभं राहून त्यातलं थोडं सांगितलं. प्रशिक्षण कमी पडलं, सामान कमी पडलं, हे मान्य केलं. पूर्ण अहवाल मात्र तेव्हा सरकारनं प्रसिद्ध केला नाही आणि नंतरच्या कुठल्याच सरकारनंही केला नाही. म्हणजे मंत्र्यानं उत्तर दिलं, पण वही पूर्ण उघडली नाही. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात.

सैन्य सव्वाआठ लाखांपर्यंत वाढवायचं ठरलं, डोंगरात लढणाऱ्या नव्या तुकड्या उभ्या राहिल्या. एवढ्या सैन्याला दारूगोळा लागणार, म्हणून संरक्षण उत्पादनाचा वेगळा विभाग निघाला आणि नवे कारखाने आले. साठच्या दशकात जळगाव जिल्ह्यात वरणगाव, नागपूरला अंबाझरी आणि आपल्याकडे भद्रावतीची चांदा आयुध निर्माणी. जिल्ह्याचं नाव पुढं चंद्रपूर झालं, निर्माणीच्या नावात चांदा राहिला. २०२१ मध्ये सरकारनं आयुध निर्माणी मंडळ बंद करून त्याच्या सात कंपन्या केल्या आणि आपली निर्माणी पुण्याच्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली. तरी मालक सरकारच आहे आणि संसदेत उत्तर द्यायचं आहे ते संरक्षणमंत्र्यालाच.

हे काम जिवावरचं आहे. ३१ मे २०१६ ला वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागून अधिकारी, जवान आणि अग्निशमनाचे कर्मचारी गेले. तेव्हाचे संरक्षणमंत्री, गोव्याचे मनोहर पर्रीकर, तिथं आले. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगर आयुध निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार गेले. निर्माणीत जाणाऱ्याच्या घरची बाई रोज संध्याकाळी वाट बघते. सुरक्षेचं काय, हा तिचा प्रश्न थेट या पदापर्यंत जातो.

आता बायांची गोष्ट. १९९१ ते १९९३ शरद पवार संरक्षणमंत्री होते. तोवर सैन्यात स्त्रिया डॉक्टर आणि नर्स म्हणूनच होत्या. १९९२ मध्ये इतर शाखांत स्त्री अधिकारी घ्यायला सुरुवात झाली. सेनाप्रमुखांचं मत आधी विरोधात होतं आणि शेवटी मंत्री म्हणून आपण निर्णय घेतला, असं पवारांनी पुढं भाषणांतून सांगितलं आहे. तेच १९९३ मध्ये मुख्यमंत्री होऊन परत आले आणि १९९४ मध्ये राज्याचं पहिलं महिला धोरण आलं.

पण दार अर्धंच उघडलं होतं. स्त्री अधिकाऱ्यांना काही वर्षांचीच नोकरी मिळे, पुढं घरी. त्या कोर्टात गेल्या. २०१७ मध्ये निर्मला सीतारामन पूर्णवेळ संरक्षणमंत्री झालेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्यांच्याआधी इंदिरा गांधींनी हे खातं पंतप्रधानपदासोबत सांभाळलं होतं. तरीही स्त्री अधिकाऱ्यांच्या कायम नेमणुकीचा निकाल सर्वोच्च न्यायालयाला १७ फेब्रुवारी २०२० ला द्यावा लागला. खुर्चीवर बाई बसली म्हणून बायांचं काम आपोआप होत नाही, मागावं लागतं. पुण्याच्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीतही मुली गेल्या त्या न्यायालयाच्या आदेशानंतरच. २०२२ मध्ये पहिली तुकडी आत गेली आणि मे २०२५ मध्ये सतरा जणी बाहेर पडल्या.

शेवटी रोजच्या कामाचं. गडचिरोलीत दिसणारे सीआरपीएफचे जवान संरक्षण खात्याचे नाहीत. ते केंद्राच्या गृह मंत्रालयाचे. सी-६० चे जवान तर राज्याच्या पोलिसांचे. त्यामुळं सैन्यातल्या जवानाच्या विधवेचा कागद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे जातो, सीआरपीएफ जवानाच्या विधवेचा त्याच्या दलाकडे आणि पोलिसाच्या विधवेचा पोलीस अधीक्षकांकडे. दुःख एकच असलं तरी दारं तीन आहेत. चुकीच्या दारात अर्ज दिला की महिने वाया जातात. गटातल्या कुण्या ताईवर अशी वेळ आली, तर आधी हे दार नक्की करून द्या, मगच सही करायला सांगा.

आणि बल्लारपूर रस्त्यावर विसापूरजवळची सैनिक शाळा संरक्षण खात्याच्या सोसायटीची आहे. तिथं आता मुलींनाही सहावीत प्रवेश आहे, त्यासाठी देशपातळीवरची परीक्षा द्यावी लागते. ज्यांची मुलगी पाचवीत आहे त्यांनी या महिन्याच्या बैठकीत नाव सांगावं. फॉर्म भरायला आम्ही सोबत बसू.